अहवाल त्यांचा, हिशेब आपला



जुलै-ऑगस्ट उजाडला की मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो आणि त्यांचे जाडजूड अहवाल बाहेर पडतात. मुखपृष्ठावर हिरवेगार झाड, आत पवनचक्की, शाळेतली हसरी मुले, अध्यक्षसाहेबांचे निवेदन. आणि या सगळ्याच्या मागे, सहसा कोणी उघडत नाही अशा पानांवर, बारीक टाइपातले तक्ते. कंपनीने किती इंधन जाळले, किती पाणी उपसले, किती कचरा टाकला, किती माणसे कायम आणि किती कंत्राटी, किती जखमी झाले आणि किती मेले. या तक्त्यांना ‘व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता अहवाल’ असे भारदस्त नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला बीआरएसआर म्हणतात.

आपल्या शाखेच्या कचेरीत ‘शाश्वतता’ हा शब्द काढला तर अजूनही निम्मे लोक हसतात. महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा, बदल्या एवढे प्रश्न पुढ्यात असताना ही साहेबी फॅशन कशाला, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. तरीही आमचे मत असे की हा कागद आपण वाचलाच पाहिजे. कारण तो आपल्याविषयी लिहिलेला असतो, आणि आपल्याला न विचारता लिहिलेला असतो.

हा कागद आला कुठून? मालकवर्गाला उपरती झाली म्हणून नव्हे. २०११ साली केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१२ साली सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. २०१९ मध्ये तत्त्वे नव्याने लिहिली गेली आणि मे २०२१ मध्ये सेबीने आजचा बीआरएसआर आणला. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअरबाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा आहे. यामागचा मोठा रेटा गुंतवणूकदारांचा, त्यातही परदेशी फंडांचा. उद्या नदी आटली, कर लागला, कारखान्यावर खटला झाला तर आपला पैसा बुडेल काय, एवढे त्यांना जाणून घ्यायचे असते. म्हणजे हा फॉर्म भांडवलाने भांडवलासाठी केलेला आहे. हे एकदा स्वच्छ समजून घेतले की त्याच्याकडून भलती आशाही राहत नाही आणि त्याचा उपयोगही नीट करता येतो.

उपयोग आहे, तो असा. माहितीचा अधिकार २००५ साली आला तो सरकारी खात्यांना लागू झाला. खाजगी कंपनीला विचारायची सोय आपल्याला कधीच नव्हती. तुमच्याकडे कंत्राटी माणसे किती, असे गेटवर जाऊन विचारले तर वॉचमन हाकलून देतो. आज तोच आकडा कंपनीला स्वतःच्या हाताने छापावा लागतो. कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, स्त्रिया किती, किमान वेतनाएवढेच मिळणारे किती आणि त्याहून जास्त मिळणारे किती, हे सारे रकाने त्यात आहेत. कामगाराला धोका दिसला तर तो कळवायची आणि त्यापासून बाजूला व्हायची सोय आहे काय, असाही एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर हो किंवा नाही असे द्यायचे असते. बहुतेक ठिकाणी ‘हो’ लिहिलेले सापडेल. ते ‘हो’ खरे की खोटे हे सांगू शकणारा माणूस एकच, आणि अहवाल लिहिताना त्याला कोणी बोलावत नाही.

अपघातांचा रकाना घ्या. दर दहा लाख मनुष्य-तासांमागे असे किती अपघात झाले की ज्यांत कामगाराचा कामाचा वेळ बुडाला, हा दर द्यायचा असतो, आणि कंत्राटी कामगार त्यात धरायचे असतात, असे फॉर्मातच लिहिले आहे. आता हिशेब करून पाहू. एका कारखान्यात २००० माणसे आहेत आणि प्रत्येकाचे वर्षाचे २४०० तास धरले, तर ४८ लाख तास झाले. वर्षात १२ जण असे जखमी झाले की घरी बसावे लागले, तर दर २.५ येतो. पण त्यांतल्या सहा जणांना दुसऱ्या दिवशी पाय बांधलेल्या अवस्थेत रिक्षाने आणून खुर्चीवर बसवले, हजेरी लावली आणि ‘हलके काम’ दिले असे दाखवले, तर वेळ बुडालाच नाही. दर १.२५ झाला. सुरक्षितता दुप्पट सुधारली! अध्यक्षसाहेब भाषणात तसे सांगतात आणि टाळ्या पडतात. ही युक्ती जगभर ठाऊक आहे. ती पकडायला सनदी लेखापाल लागत नाही, त्या खुर्चीच्या शेजारी काम करणारा माणूस पुरतो.

दुसरा रकाना युनियनचा. शेकडा किती कामगार संघटनेचे सभासद आहेत, असे फॉर्म विचारतो. पण ‘कंपनीने मान्यता दिलेल्या’ संघटनेचे. मान्यताच दिली नाही की उत्तर शून्य, आणि शून्य लिहिण्यात कंपनीला लाज वाटायचे कारण नाही. मान्यता या शब्दाची किंमत आपल्याला सांगायला नको. रेल्वेत २०२४ च्या डिसेंबरात आपण त्यासाठीच रांगा लावून गुप्त मतदान केले. टपाल खात्यात एनएफपीईची मान्यता २०२३ च्या एप्रिलमध्ये काढून घेण्यात आली. सभासद तेच, वर्गणी तीच, पण कागदावर एका दिवसात संघटना नाहीशी.

सेबीलाही कंपन्यांच्या शब्दावर पूर्ण भरवसा नसावा. जुलै २०२३ मध्ये तिने काही निवडक रकान्यांची त्रयस्थाकडून खातरजमा करून घ्यायची सक्ती आणली. आधी पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, आणि २०२६-२७ या वर्षासाठी सगळ्या १०००, असा क्रम ठरवला. पुरवठादार आणि त्यांच्याकडच्या माणसांची माहितीही मोठ्या कंपन्यांनी द्यावी, असे ठरत होते; पण मार्च २०२५ मध्ये तो भाग ऐच्छिक करण्यात आला. तिकडे युरोपनेही त्याच वर्षी आपल्या कंपन्यांना अशा अहवालांसाठी दोन वर्षांची सवलत दिली. भांडवलाला पर्यावरणाची आठवण येते तशी ती जातेही. आणि खातरजमा करणारा त्रयस्थ तपासणार काय? रजिस्टर. जे रजिस्टर ठेकेदाराच्या मुकादमाने भरले तेच.

कागद बरोबर असून माणसे मेल्याचे उदाहरण रेल्वेवाल्यांना दूर शोधावे लागत नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. युनियनने आवाज उठवला, निवेदने दिली. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतल्या पथकाने येऊन पाहणी केली आणि त्रुटींची यादी लिहून दिली. म्हणजे अहवाल होता! तज्ज्ञांचा होता, कंपनीचा स्वतःचा होता. तरी १९८४ साली विषारी वायूच्या टाकीचे शीतयंत्र बंद ठेवलेले होते, वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीची जोडणी तुटलेली होती. २ डिसेंबरच्या रात्री जे झाले ते सर्वांना माहीत आहे. त्या रात्री भोपाळ स्थानकावर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. उभी असलेली भरगच्च गाडी त्यांनी वरून हुकूम यायची वाट न पाहता वेळेआधी सोडली, आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबवण्यासाठी आसपासच्या स्थानकांना कळवले. स्थानकावरचे त्यांचे अनेक सहकारी त्या रात्री मेले. ते स्वतः वायूचे दुखणे घेऊन पुढची वर्षे जगले. कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या रेल्वे कामगाराला त्या कुंपणाआतल्या सुरक्षिततेच्या अहवालाशी काय घेणे, असे कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगू.

आता आपल्या घराकडे वळू. रेल्वे आणि टपाल ही सरकारी खाती. शेअरबाजारात त्यांची नोंद नाही, म्हणून बीआरएसआर त्यांना लागू नाही. रेल्वेच्या पोटातून निघालेल्या कॉनकॉर, आयआरसीटीसी, राइट्स, इरकॉन, आरव्हीएनएल, रेलटेल या कंपन्या मात्र बाजारात आहेत आणि त्या अहवाल देतात. शिवाय १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्या आपल्या साथींच्या पगारातून एनपीएससाठी कापलेल्या पैशाचा काही हिस्सा शेअरबाजारातच जातो. म्हणजे त्या १००० कंपन्यांपैकी कित्येकांत आपल्या म्हातारपणाची पुंजी गुंतली आहे. मागून घेतलेली नव्हे, लादलेली गुंतवणूक. पण पैसा आपला आहे, तेव्हा विचारायचा हक्कही आपला आहे.

रेल्वेने २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन ‘निव्वळ शून्य’ करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पुरे झाले. हे काम चांगले आहे आणि ते कोणी केले हेही आपल्याला ठाऊक आहे: ओएचईच्या खांबांवर चढलेल्या माणसांनी. पण आम्हाला दोन गोष्टी खटकतात. एक, तारेतली वीज येते ती अजून मुख्यतः कोळशातून, आणि रेल्वेच्या मालवाहतुकीतला वजनाने सुमारे निम्मा माल कोळसाच असतो. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा भरलेले रेक ज्यांनी नागपूर विभागात पास केले, किंवा धनबाद-बिलासपूरकडे ज्या मराठी साथींच्या नोकऱ्या झाल्या, त्यांना हे सांगायला नको. उद्या कोळसा खरोखर कमी झाला तर त्या यार्डांचे, त्या लॉबींचे काय? दोन, डिझेल शेडमधल्या फिटरचे काय? २०१५ च्या पॅरिस करारात कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतर व्हावे असे शब्द आहेत आणि भारताने त्यावर सही केली आहे. त्या शब्दांचा अर्थ शेडमध्ये असा व्हायला हवा की आधी प्रशिक्षण, मग बदली, आणि तीही विचारून. आपल्याकडे आधी बदलीचा कागद येतो.

यापेक्षाही जवळचा विषय आहे तो डब्यांतल्या संडासांचा. जुन्या गँगमन साथींना विचारा, रुळावर वाकून काम करताना काय अंगावर यायचे. स्थानकातल्या रुळांवरची घाण हाताने काढायला माणसे होती. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी करणाऱ्या कायद्यात रेल्वे रुळाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रुळांवरची ही प्रथा मुदत घालून थांबवा असे रेल्वेला सांगितले. डीआरडीओच्या मदतीने तयार झालेले जैवसंडास डब्यांत बसले आणि रूळ खरोखर स्वच्छ झाले. पर्यावरणाची सुधारणा आणि कामगाराची सुधारणा एकच असू शकते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही, आणि ‘पर्यावरण म्हणजे श्रीमंतांचे चोचले’ म्हणणाऱ्या साथींनी ते लक्षात घ्यावे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. प्रवासी त्या संडासात बाटल्या, गुटख्याची पाकिटे, कापड, काय वाटेल ते टाकतात. टाकी तुंबते. कॅगने २०१७ च्या आपल्या अहवालात या तुंबण्यावर बोट ठेवले होते. तुंबलेली टाकी पिटलाइनवर मोकळी कोण करतो? ठेकेदाराचा माणूस. त्याच्या हातात मोजे असतात काय? असले तर कितव्या दिवसाचे? कायदा म्हणतो की योग्य साधने आणि संरक्षक कपडे दिले असतील तर ते हाताने मैला उचलणे धरले जाणार नाही. म्हणजे सगळा कायदा त्या मोज्यांवर तोललेला आहे, आणि मोज्यांची नोंद ठेकेदाराकडे. ‘इतक्या डब्यांत जैवसंडास’ हा आकडा सरकारी निवेदनात हमखास असतो. ‘ते मोकळे करणारी माणसे इतकी, त्यांतली आजारी इतकी’ हा आकडा आम्ही कुठे वाचलेला नाही.

उन्हाचेही तसेच. रुळाचे तापमान मोजायला थर्मामीटर आहे, नोंदवही आहे. ठरलेल्या तापमानाच्या २० अंश वर रूळ गेला की उन्हाळी गस्त सुरू करावी लागते, असा नियम आहे. आणि तो योग्यच आहे, रूळ वाकला तर गाडी जाईल. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात रूळ हात लावू देत नाही. मग त्याच रुळावर पाना-हातोडा घेऊन चालणाऱ्या कीमनच्या अंगाचे तापमान कोणत्या वहीत लिहितात? तो चक्कर येऊन पडला तर ‘अपघात’ की ‘आजारपण’? बीआरएसआरच्या फॉर्मातही उष्म्यासाठी वेगळा रकाना नाही. पण धोक्यापासून बाजूला होण्याचा तो प्रश्न निदान आहे. दुपारी एक वाजता, अंगाची लाही होत असताना, कीमन किंवा सायकलवरून टपाल वाटणारा डाक सेवक ‘आता मी सावलीत बसतो’ असे म्हणू शकतो काय? आणि म्हणाला तर त्याची गैरहजेरी लागते काय?

डाक सेवकांचे तर स्थानच विचित्र. अडीच लाखांच्या घरात असलेली ही माणसे खेड्यापाड्यांतली टपाल कार्यालये चालवतात, पण नियमित सरकारी नोकरांत त्यांची गणना नाही. सेबीचा फॉर्म टपाल खात्याला लागू असता तर त्यांना ‘कायम नसलेले’ या रकान्यात लिहावे लागले असते, आणि देशातल्या एवढ्या जुन्या खात्याचा तो आकडा पाहून परदेशी फंडवालेही दचकले असते. नाइलाजाने बोलायचे तर, भांडवलदारांना जी माहिती उघड करावी लागते ती सरकार स्वतःच्या खात्यांबद्दल एका जागी मांडत नाही.

काही साथी म्हणतात की असल्या नियमांनी कारखाने बंद पडतील, नोकऱ्या जातील. नियम टाळून नोकऱ्या टिकतात असे नाही. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा आयात मालावर कार्बनचा आकार लावायला प्रत्यक्ष सुरुवात केली आहे. ज्या कारखान्याने चिमणीचा हिशेब ठेवला नाही त्याचा माल तिथे महाग पडेल, आणि वॅगन इथे कमी भरतील. हा आकार न्याय्य आहे असे आमचे म्हणणे नाही. शे-दीडशे वर्षे कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी तो लावावा यात उघड ढोंग आहे. पण त्याचा भार मालक आपल्या नफ्यावर घेईल की ठेकेदाराच्या दरावर ढकलेल, हे आपण त्या टेबलाशी आहोत की नाही यावर ठरेल.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. कंपनीचा अहवाल संचालक मंडळापुढे जाण्याआधी अपघात, वेतन, कंत्राटी कामगार आणि प्रदूषण हे भाग युनियनला दाखवावेत, आणि युनियनचा शेरा, तो विरोधी असला तरी, जसाच्या तसा छापावा. त्यासाठी केंद्रीय कामगार संघटनांनी सेबीकडे धरणे धरावे लागले तर धरावे. आणि रेल्वे मंडळ व टपाल संचालनालय यांनी याच रकान्यांत आपला वार्षिक हिशेब द्यावा, ठेकेदारांच्या माणसांसकट.

ते देतील तेव्हा देतील. तोवर हातात जे आहे ते वापरू. खाती बीआरएसआरमध्ये नसली तरी माहितीच्या अधिकारात आहेत. शाखेने बीआरएसआरचा फॉर्म समोर ठेवावा आणि त्यातले चार-पाच रकाने उचलून अर्ज करावा: आपल्या डेपोत किंवा विभागात गेल्या आर्थिक वर्षात ठेकेदारांची माणसे किती होती, त्यांच्यात किती अपघात झाले, जैवसंडासाच्या कामासाठी मोजे-बूट किती खरेदी झाले आणि कोणाला दिले, एप्रिल ते जून या महिन्यांत ड्यूटीवर भोवळ येऊन किती जणांना दवाखान्यात न्यावे लागले. अर्ज युनियनच्या लेटरहेडवर करू नये. हक्क नागरिकाला आहे, तेव्हा एका साथीच्या नावाने करावा आणि शक्यतो निवृत्त साथीच्या, म्हणजे बदलीची भीती नाही. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या कोणत्याही खात्यासाठीचे असे अर्ज नेमून दिलेल्या टपाल कार्यालयांत स्वीकारले जातात, हे टपालातल्या साथींना माहीत आहेच. रेल्वेतल्या साथींना त्यांनी खिडकी दाखवावी.

उत्तर आले की एक प्रत पीएनएमच्या विषयपत्रिकेला जोडावी, एक शाखेच्या फळ्यावर लावावी, आणि एक पिटलाइनवर, ठेकेदाराच्या मुकादमाच्या खोलीबाहेर, जिथे त्याची माणसे हजेरीला उभी राहतात तिथे. त्यांच्यातल्या कोणाला वाचता येत नसेल तर आपल्यापैकी एकाने वाचून दाखवावी आणि विचारावे, यात तू आहेस का?